चांगल्या मेंढ्यांतली खोट

परमेश्वरानं सृष्टी घडवली आणि तिच्यात सुधारणा करण्याचं काम डोंगरी मेंढ्या पाळणाऱ्यांवर सोपवलं. उत्तम पैदास ओळखून ती राखणं ही मानवी बुद्धीची परमावधी आहे. हे माझं एकट्याचं मत नाही. उत्तर इंग्लंडात, कंब्रियाच्या डोंगरांत ज्याच्या बुटाला लेंड्या लागलेल्या आहेत अशा प्रत्येकाचं आहे. शतकानुशतकं आम्ही दर शरदात कळप डोंगरावरून खाली आणतो, दात बघतो, खुरं बघतो, कास चाचपतो, चांगल्या तेवढ्या ठेवतो आणि बाकीच्या सपाटीवरच्या लोकांना विकतो. या अखंड तपश्चर्येचं फळ असं, की आमची हर्डविक मेंढी पूर्वी होती तशीच आहे. जन्मते काळी, वाढता वाढता तपकिरी होते, मग राखाडी. तोंड पांढरं, आणि त्या तोंडावर आमच्याविषयी काडीचाही आदर नाही. बदल झालाय तो आमच्या गुडघ्यांत.

तर एलवुड रेल्फनं मॉसगिलची शेती सोडली, त्या ऑक्टोबरातली ही गोष्ट.

मॉसगिल हे खोऱ्याच्या टोकाचं घर. त्यापुढं रस्ता नाही, नुसता डोंगर आहे, आणि डोंगराला कुंपण नाही. घर, शेतं, कळप सगळं जमीनमालकाचं, एलवुड कूळ. आमच्याकडे कळप जमिनीचा असतो, माणसाचा नसतो. कूळ बदलतं, मेंढ्या राहतात. राहाव्याच लागतात, कारण उघड्या डोंगरावर आपली हद्द कुठवर हे फक्त त्यांना ठाऊक असतं आणि ते त्यांना त्यांच्या आयांनी दाखवलेलं असतं. बाहेरून आणून सोडलेल्या मेंढ्या संध्याकाळपर्यंत शेजारच्या खोऱ्यात असतात आणि पुढं त्यांचं काय होतं ते शेजाऱ्यांच्या स्वभावावर अवलंबून. म्हणून रीत अशी, की जाणाऱ्या कुळानं येताना जेवढ्या आणि जशा मेंढ्या मिळाल्या तेवढ्या आणि तशा मागं ठेवायच्या. वरच्या असतील त्या आपल्या म्हणून न्यायच्या.

जाणारा अर्थातच रद्दी मागं ठेवू बघतो. येणारा अर्थातच ती घेत नाही. ही दोन माणसं समोरासमोर बोलली तर हातघाई होईल, म्हणून पूर्वजांनी सोय करून ठेवली आहे. दोघांनी एकेक पारखी नेमायचा. निवडीच्या दिवशी पारख्यांनी बोलायचं, मालकांनी गप्प उभं राहायचं. जाणाऱ्याला कुरकुर करायची मुभा असते, बोलायची नाही. येणाऱ्याला तीही नाही. पारख्यांनी एकमेकांना खोटारडे म्हणायचं. दुपारी येणाऱ्याच्या पारख्यानं संतापून निघून जायचं, गाडीत बसून डबा खायचा आणि परत यायचं. संध्याकाळी चहा होतो आणि दोन्हीकडचे लोक, फसला तो समोरचा, अशा समाधानात घरी जातात.

एलवुडचा पारखी मी. माझं नाव जॉब. माझी शेती आता माझी मुलगी बघते, आणि मला घरात ठेवण्यापेक्षा अशा कामांना पाठवणं तिला सोयीचं पडतं. येणारी होती बेथ मौन्सी, पलीकडच्या खोऱ्यातली, तिशीच्या आतबाहेरची. तिचा पारखी म्हणजे तिचा सख्खा मामा, सायलस फिअरन. सायलसनं आयुष्यात कुणावर विश्वास ठेवलेला नाही. त्याच्या लग्नात पाद्र्यानं ठरलेला प्रश्न विचारला तेव्हा 'हो' म्हणण्याआधी तो नवरीला चारी बाजूंनी बघून आला, असं सांगतात. मी त्या लग्नाला होतो. तो तीनच बाजूंनी बघून आला; चौथ्या बाजूला सासरा उभा होता.

एलवुडची बायको ॲगी मार्चमध्ये गेली. मेंढ्या व्यायच्या आधी. त्यानंतर एलवुडला काहीच झालं नाही, आणि तेच आम्हाला चमत्कारिक वाटत होतं. दफनाच्या दुसऱ्या सकाळी त्यानं कुत्र्याला खायला घातलं आणि डोंगराकडे गेला. मग मेंढ्या व्याल्या, त्यानं कोकरं काढली. उन्हाळ्यात लोकर कातरली, गवत कापलं, गवत भरलं. खोऱ्यातल्या बायकांनी मटण-बटाट्याची भांडी आणून दिली ती त्यानं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं खाल्ली. कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, "गरम आहे." माझ्या मुलीनं यावर फार विचार केला आणि पुढच्या खेपेला मीठ वाढवलं. त्यावरही तो गरम आहे म्हणाला.

शेती सोडतोय हे जमीनमालकाच्या कचेरीत जाऊन त्यानं सांगितलं तेही दुकानात जाऊन काड्यापेटी आणावी तसं. गावात चर्चच्या मागं त्याला एक बैठं घर मिळालं होतं. पुढं फरशी, मागं फरशी. मेंढी राहू द्या, गोगलगायीचीसुद्धा तिथं उपासमार झाली असती.

निवडीच्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो. पारख्यानं आधी आपल्या माणसाला विचारायचं असतं, कुठल्या मेंढ्यांवर अडून बसायचं, कुठल्या हसत सोडायच्या. चांगला तासभर जातो यात, आणि तो तास मला फार आवडतो, कारण माणसाचा खरा स्वभाव त्या तासात दिसतो. एलवुड मोरीशी कप धूत होता.

"काय काय राखायचंय तुला?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"ॲगीच्या मेंढ्या डोंगरावर राहू देत. तेवढं बघ."

"चांगल्या सगळ्या?"

"हो."

"आणि तुला?"

"उरतील त्या. बाजारात जातील." त्यानं कप पालथा ठेवला, मग उचलला आणि परत धुवायला घेतला.

मार्चपासून त्यानं कशालाही हवंय म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चहा घेणार का विचारलं तर 'असेल तर' म्हणायचा. आता हवंय म्हणाला ते असं, की त्यानं माझी पंचाईत व्हावी. जाणाऱ्या माणसाचं सगळं भलं मागं सोडून देणारा पारखी आमच्या खोऱ्यात आजवर झालेला नव्हता, आणि मला काही त्या बाबतीत पहिला नंबर नको होता. पण मी बरं म्हटलं. कप तिसऱ्यांदा धुवून व्हायची वाट बघत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

ॲगीच्या मेंढ्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. मॉसगिलला निवड ॲगी करायची. एलवुड फाटक धरायचा. आम्ही बाकीचे लोक ऑक्टोबरात, बऱ्या हवेत, कोरड्या जमिनीवर उभे राहून निवड करतो. ॲगी फेब्रुवारीत करायची, डोंगरावर, अशा हवेत की सायलस खिडकीचा पडदासुद्धा बाजूला करत नाही. बर्फ पडलं की एलवुड गवताचे भारे घेऊन खालच्या फाटकाशी जायचा आणि ॲगी दुर्बीण घेऊन वर. गवताच्या वासानं जी मेंढी धावत फाटकाशी आली ती तिच्या मनातून उतरली. जी कड्याच्या आडोशाला पाठीवर बर्फ घेऊन रवंथ करत बसली आणि जिच्या पाठीवरचं बर्फ वितळलं नाही, ती राहिली. बर्फ वितळत नाही म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही. मग तिची आई कोण, ती कुठं बसली आहे, हे बघायचं. तोंडाचा पांढरेपणा आणि कानांची ठेवण, ज्यावर आमच्या प्रदर्शनांत ढाली वाटल्या जातात, तिकडे ॲगीचं लक्ष अगदी शेवटी जायचं, तेही उपकार केल्यासारखं. मग शरदात मेंढ्या खाली आल्या की ती फाटकामागं उभी राहून सांगायची, ही ठेव, ही जाऊ दे. एलवुड फाटक इकडे लोटायचा, तिकडे लोटायचा. लग्न होऊन आल्यापासून तिचं हे चाललेलं. मॉसगिलच्या मेंढ्यांना खोऱ्यात कुणी नावं ठेवत नसे. आमच्याकडे यापेक्षा मोठी स्तुती नाही.

एलवुडनं आदल्या दिवशीच मेंढ्या दगडी भिंतींच्या दोन वाडग्यांत विभागून ठेवल्या होत्या. उजवीकडच्या राहायच्या, डावीकडच्या जायच्या. आकाश ओल्या पोत्यासारखं होतं आणि पाऊस नव्हता. सायलसची गाडी आली. तो उतरला, उजव्या वाडग्याकडे बघितलं, डाव्या वाडग्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे.

"ह्या राहायच्या?" त्यानं विचारलं.

"राहायच्या."

"आणि त्या न्यायच्या?"

"न्यायच्या."

चोरानं आतून दार उघडून या, बसा म्हणावं, तसा त्याचा चेहरा झाला. बेथ फाटकाला टेकून रीतीप्रमाणे गप्प उभी राहिली. एलवुड हात खाली सोडून तिच्या पलीकडे. त्याचा कुत्रा त्याच्या बुटावर बसला. त्यालाही काही काम सांगितलेलं नव्हतं.

सायलस उजव्या वाडग्यात शिरला. पहिली मेंढी धरली, तोंड उघडलं, दात बघितले, मग त्यांवरून अंगठा फिरवला. म्हातारी मेंढी तरुण दिसावी म्हणून दात घासून आणणारे लोक असतात. सायलस त्यांना चांगला ओळखतो, कारण त्यातले दोन त्याचे चुलते होते. दात अस्सल निघाले. कास बघितली, बरोबर होती. खुरं उचलून बघितली, वास घेतला. लोकर दोन्ही हातांनी दुभागून कातडी बघितली. मग दुसरी मेंढी, तिसरी मेंढी. दर मेंढीगणिक त्याचा चेहरा उतरत गेला. एखादी तरी खोट सापडली असती तर तो सुखी झाला असता. तासभर शोधून काहीच सापडत नाही म्हणजे खोट किती खोल दडवलेली असेल, या विचारानं त्याला घाम आला.

"तुझ्या माणसाला विचार," तो मला म्हणाला, "भटकतात का."

एलवुड हाताच्या अंतरावर उभा होता. मी वळून विचारलं, "एलवुड, भटकतात का?"

"नाही."

"नाही म्हणतो," मी सायलसला सांगितलं.

"ऐकलं मी."

"मग कशाला विचारायला लावतोस?"

"रीत आहे. आता विचार, गाभडतात का."

गाभडत नव्हत्या. भाकड राहत नव्हत्या. खोकला नव्हता, खुरं सडत नव्हती, पिलाला लाथ मारत नव्हत्या. एलवुड प्रत्येक वेळी तेच 'नाही' त्याच आवाजात देत होता, टपाल कचेरीत तिकिटं तोडून द्यावीत तसं. शेवटी सायलस म्हणाला, माणूस स्वतःच्या आईबद्दलसुद्धा लागोपाठ इतक्या वेळा नाही म्हणू शकत नाही, मध्ये कुठंतरी अडखळतोच. आणि तो डाव्या वाडग्याकडे गेला.

डाव्या वाडग्यात काय होतं ते मला पाठ होतं. एक मेंढी खोकायची. एकीचा मागचा पाय वाकडा. एकीला भटकायचा नाद. आमच्याकडे वर्षातून एकदा मेंढपाळांचा मेळावा भरतो आणि हरवलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत दिल्या जातात, त्या मेळाव्याला तिची हजेरी पाद्र्यापेक्षा नियमित. आणि बर्फात फाटकाशी पहिल्या धावून येणाऱ्या सगळ्या तिथंच. सायलसनं कडी काढली मात्र, गवत आलं असं समजून त्या सगळ्या त्याच्या अंगावर गोळा झाल्या. एकीनं त्याचा खिसा हुंगला.

सायलस हळवा झाला. त्याच्याकडे इतक्या आनंदानं आजवर कुणी धावत आलं नव्हतं.

"बघ," तो म्हणाला, "कशा माणसाळलेल्या आहेत. आणि ह्या इकडे लपवून ठेवल्या लेकानं."

खोकणारी खोकली. सायलस म्हणाला, घशात काडी अडकलीय. वाकड्या पायाची पुढं आली. म्हणाला, उभं राहायची ढब आहे, पुढच्या पिढीत उतरणार नाही. भटकणारी भिंतीवर पुढचे पाय टेकून बाहेर बघत होती. तिच्याकडे तर तो कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हिच्यात दम आहे. आमच्या शास्त्रात याला अनुभव म्हणतात.

"ठरलं," तो म्हणाला. "ह्या राहतील. त्या तुझ्या माणसाला लखलाभ."

आता माझी अवस्था बघा. माझं काम काय, तर एलवुडच्या पदरात जितक्या चांगल्या मेंढ्या पाडता येतील तितक्या पाडायच्या. सायलस त्या सगळ्याच्या सगळ्या मला हातावर ठेवत होता. खोऱ्याच्या इतिहासात एवढा मोठा विजय कुणी मिळवला नव्हता. मी हूं म्हटलं असतं तर माझ्या पश्चातही लोकांनी दारूच्या गुत्त्यात माझं नाव काढलं असतं. आणि दोन आठवड्यांत ॲगीच्या मेंढ्या बाजारातून खाली सपाटीवर गेल्या असत्या, जिथं गवत गुडघाभर असतं आणि कुणालाच काही माहीत असण्याची गरज नसते. मॉसगिलच्या डोंगरावर राहिल्या असत्या त्या खालच्या फाटकाशी येऊन गवताची वाट बघणाऱ्या. फेब्रुवारीपर्यंत बघितली असती त्यांनी.

एलवुड उजव्या वाडग्याकडे बघत होता. म्हणजे त्याचं तोंड त्या बाजूला होतं.

मी त्याला कोठारामागं नेलं.

"एलवुड," मी म्हटलं, "भांड."

"कशावरून?"

"चांगल्या मेंढ्या मला हव्यात म्हणून भांड. तू मागितल्यास तरच तो सोडायचा नाही."

"मला नकोत."

"ते मला माहीत आहे रे बाबा. त्याला माहीत नको."

एलवुडनं यावर विचार केला. "काय म्हणू?"

"काहीही म्हण. शिव्या दे, टोपी आपट. तुझ्या बापानं खालची शेती सोडली तेव्हा काय केलं होतं, आठवतंय ना? फाटकात आडवा पडला होता. माझ्या प्रेतावरून न्या म्हणाला होता."

एलवुडनं खाली बघितलं. "ओलं आहे," तो म्हणाला.

टोपीवर तडजोड झाली. आम्ही परत आलो. एलवुड सायलसच्या समोर जाऊन उभा राहिला, टोपी काढली, जरा वाकून ती जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "ह्या मेंढ्या माझ्या आहेत. मी त्या देणार नाही." गाडी दहा मिनिटं उशिरानं येत आहे, हे स्टेशनवर यापेक्षा जास्त भावनेनं सांगतात. मग पुढं काय करायचं ते न कळून तो तसाच उभा राहिला. कुत्र्यानं येऊन टोपी हुंगली. एलवुडनं ती उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली.

सायलसनं नजर दुसरीकडे वळवली. त्यालाही बघवलं नाही.

"कुरकुर झाली?" त्यानं मला विचारलं.

"झाली."

"तू शिकवलीस त्याला."

"मी कशाला शिकवू?"

"तूच शिकवलीस, जॉब. आणि वाईट शिकवलीस." त्याच्या मनात थोडीफार शंका होती ती आता फिटली. ज्या मेंढ्या खपवण्यासाठी एवढं नाटक करावं लागतं त्या कुठल्या प्रतीच्या असतील, हे त्यानं मला बोटांवर मोजून समजावून दिलं, मला खोटारडा म्हटलं, संतापला आणि रीतीप्रमाणे गाडीकडे निघून गेला. काच खाली करून तो डबा खाऊ लागला. हॅमचं सँडविच होतं. आम्ही तिघं त्याचं जेवण व्हायची वाट बघत उभे राहिलो. बोलायची परवानगी फक्त मला होती आणि माझ्यापाशी काही नव्हतं.

उजव्या वाडग्यातल्या मेंढ्या बसल्या होत्या. कुणाची वाट बघत नव्हत्या.

सायलस परत आला. कोटाच्या पुढच्या बाजूला पावाचा चुरा होता. संध्याकाळ व्हायच्या आत पट्टे ओढून मोकळं होऊ म्हणाला. राहणाऱ्या मेंढ्यांच्या पाठीवर मॉसगिलचा लाल पट्टा ओढला की निवड पक्की होते, मग देवालाही ती मोडता येत नाही. रंगाचा डबा कुठं आहे, त्यानं मला विचारलं. कुठं आहे, मी एलवुडला विचारलं. आणि एलवुड तो आणायला निघाला, खोकणारीच्या पाठीवर लावायला.

"एलवुडकाका," बेथ म्हणाली, "तुम्हाला त्या का नको आहेत?"

सगळे थांबलो. सायलसनं आधी इकडे तिकडे बघितलं, नक्की कोण बोललं ते कळेना.

"बेथ, आज आपण बोलायचं नसतं," तो म्हणाला.

"माहीत आहे, मामा. तुम्ही दोघं सकाळपासून बोलताय, त्यातलं मला काही कळलं नाही. उद्यापासून इथं मी राहायची आहे. काका, का नको आहेत?"

एलवुडनं माझ्याकडे बघितलं. जाणाऱ्याला येणाऱ्यानं सरळ प्रश्न विचारला तर काय करायचं, याची सोय पूर्वजांनी केलेली नव्हती. मी आकाशाकडे बघू लागलो. ते सकाळी होतं तसंच होतं.

"ॲगीनं निवडल्यात त्या," एलवुड म्हणाला. "फाटक मी धरायचो. ही ठेव म्हणायची, ही जाऊ दे म्हणायची. तिनं ठेव म्हटलेल्या माझ्या लक्षात आहेत. बाकी मला काही कळत नाही. पूर्वी कळायचं थोडं. आता सगळ्या मेंढ्याच दिसतात. यंदाच्या कोकरांचं मला विचारू नकोस, त्यांचं कुणी काही सांगितलं नाही. ती तशीच आहेत." तो थांबला. घरातली नळाची चावी कुठल्या बाजूला फिरते ते नव्या भाडेकरूला सांगावं, तसा त्याचा आवाज होता. "ह्या मला बघवत नाहीत. फाटकाशी आल्या की मी थांबतो, मागून सांगेल म्हणून. पण इथं असू देत त्या. त्यांना इथलं माहीत आहे."

सायलस एलवुडकडे बघत होता आणि बघता बघता त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत गेल्या. सकाळपासून इतका निवांत तो मला प्रथमच दिसला.

"म्हणजे खोट आहे," तो म्हणाला. रीत विसरून सरळ एलवुडलाच म्हणाला.

"आहे."

"मालकात."

"हो."

"मेंढ्यांत नाही."

"नाही."

"मग हे सकाळीच सांगायचं ना, भल्या माणसा. माझा अख्खा दिवस गेला."

"तुम्ही मेंढ्यांबद्दल विचारत होता," एलवुड म्हणाला.

सायलसनं टोपी मागं सारली, उजव्या वाडग्याची कडी काढली आणि म्हणाला, ह्या राहतील. हळू आवाजात म्हणाला, पण म्हणाला. खोकणारी मात्र त्यानं आपल्या स्वतःसाठी हट्टानं मागून घेतली. सकाळी तिच्याबद्दल चारचौघांत इतकं चांगलं बोलल्यावर आता माघार घेणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. ती ख्रिसमसच्या सुमाराला मेली. घशात काडी अडकून, असं तो अजूनही सांगतो.

पट्टे एलवुडनं ओढले. हल्ली सगळे काठीनं ओढतात. मॉसगिलला हातानं ओढायचे. फाटक बेथनं धरलं. एकेक मेंढी पुढं यायची, एलवुड डाव्या हातानं तिला थोपवायचा, उजवा हात रंगात बुडवून खांद्यांवरून आडवा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. उजवा हात दुखला की हात बदलायचा. मेंढ्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, तोही मेंढ्यांकडे बघत नव्हता. पाठीकडे बघत होता. बेथ प्रत्येक मेंढीकडे नीट बघत होती. एकदा तिनं विचारलं, हिची आई ह्यात आहे का, आणि एलवुडनं मान न वर करता सांगितलं, ती मघाशी गेली ती.

शेवटची सुटली. पाठीवर ओले लाल पट्टे घेऊन मेंढ्या एकामागोमाग एक भिंतीच्या कडेनं वर चढल्या, ओढा ओलांडला, आणि कड्याच्या अलीकडे आपापल्या ठिकाणी पांगल्या. एकही पुढं गेली नाही. आम्ही बघत उभे होतो. अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. सायलसनं टोपी काढून हातात धरली होती आणि घसा साफ केला होता, म्हणजे त्याच्याकडे काहीतरी होतं. माझ्याकडेही ॲगीबद्दल एक वाक्य तयार होतं, चांगलं होतं, दुपारपासून मी ते घोळवत होतो. बेथनं फाटक लावलं आणि कडी घालायची थांबली.

एलवुड आमच्याकडे पाठ करून उभा होता. कोपरापर्यंत लाल झालेले दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. त्याचे खांदे जरासे हलले. मग परत हलले.

"जॉब," त्यानं हाक मारली.

मार्चनंतर त्यानं मला आपणहून मारलेली ती पहिली हाक. मी हळूच त्याच्यापाशी गेलो. सायलसनं दोन पावलं मागं घेतली, आणि सायलस मागं सरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. एलवुडनं तोंड माझ्याकडे वळवलं. ते सगळं आक्रसलं होतं, डोळे बारीक झाले होते, ओठ एका बाजूला ओढले गेले होते. मी हात त्याच्या खांद्यावर ठेवायच्या बेतात होतो.

"माझं नाक खाजतंय," तो म्हणाला. "हात भरलेत. जरा खाजवतोस का? डाव्या बाजूला."